विश्वास ग्राहकाचा, पारख ब्राउझरची

ऑनलाइन दुकान थाटणाऱ्यापुढे अगदी सुरुवातीलाच एक प्रश्न येतो: वेबसाइटसाठी एसएसएल सर्टिफिकेट कुणाकडून घ्यायचं? येवल्याची पैठणी विकणारा विणकर असो, देवगड हापूसच्या पेट्या पाठवणारा बागायतदार असो, की दिवाळीचा फराळ परदेशी धाडणारा घरगुती उद्योग असो, होस्टिंग कंपनीचं दरपत्रक सगळ्यांपुढे साधारण सारखंच येतं. त्यात एका टोकाला फुकटचं सर्टिफिकेट असतं, दुसऱ्या टोकाला वर्षाला हजारो रुपयांचं, आणि मधे बरीच नावं. महागड्या पर्यायाच्या बाजूने बहुतेक वेळा एकच युक्तिवाद केला जातो: ग्राहक आमचं नाव ओळखतात, आमचं चिन्ह दिसलं की निर्धास्तपणे पैसे भरतात. हे खरं असतं तर निवड सोपी होती. ज्याचं नाव मोठं त्याच्याकडे जायचं. पण गेल्या तीस वर्षांचा इतिहास, वापरकर्त्यांवर झालेले अभ्यास आणि फसवणुकीची प्रकरणं शेजारी शेजारी ठेवली, तर वेगळाच निष्कर्ष निघतो. सर्टिफिकेट देणाऱ्या कंपनीवर ग्राहक विश्वास ठेवत नाही, कारण तो तिला ओळखतच नाही. त्याच्या वतीने तो विश्वास ब्राउझर ठेवतो. म्हणून दुकानदाराने ग्राहकाला कोणतं नाव भावेल याचा अंदाज बांधत बसण्यापेक्षा ब्राउझर कुणाला यादीत घेतात, कशावरून घेतात आणि कधी काढून टाकतात, हे पाहायला हवं.

आधी सर्टिफिकेट नेमकं काय करतं ते पाहू. नेटस्केप कंपनीने १९९० च्या दशकाच्या मध्यात एसएसएल ही पद्धत आणली. आज प्रत्यक्षात तिची वारसदार टीएलएस चालते, तरी बाजारात नाव जुनंच राहिलं. ग्राहकाचा फोन आणि दुकानाचा सर्व्हर यांच्यातला मजकूर वाटेत कुणाला वाचता किंवा बदलता येऊ नये, आणि पलीकडे बोलणारा सर्व्हर खरोखर त्याच डोमेनचा असावा, एवढी दोन कामं यात होतात. सर्टिफिकेटचे तीन प्रकार मिळतात. डीव्हीमध्ये डोमेन अर्जदाराच्या ताब्यात आहे एवढंच तपासलं जातं. ओव्हीमध्ये संस्थेची नोंदणी पाहिली जाते. ईव्हीमध्ये नोंदणी, पत्ता, अर्ज करणाऱ्याचा अधिकार असं सगळं अधिक काटेकोरपणे तपासलं जातं. तिन्हींतलं सांकेतिकीकरण मात्र सारखंच असतं. ‘२५६ बिटांची सुरक्षा’ ही जाहिरातीतली ओळ फुकटच्या सर्टिफिकेटलाही तितकीच लागू पडते, कारण ती ताकद सर्व्हर आणि ब्राउझर आपसात ठरवतात. सर्टिफिकेट किती रुपयांना घेतलं याच्याशी तिचा संबंध नाही. बंद पाकीट वाटेत कुणी फोडलं नाही याची खात्री पटली, म्हणून आतलं पत्र लिहिणारा सज्जन ठरत नाही. सर्टिफिकेटचंही तेच आहे.

आता ग्राहकाला काय दिसतं ते पाहू. २००७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एका बँकेच्या ६७ ग्राहकांना प्रयोगशाळेत बसवून व्यवहार करायला लावले आणि मधेच पानावरची सुरक्षित जोडणीची खूण काढून टाकली. ती नाहीशी झाली म्हणून पासवर्ड टाकायचा थांबला असा एकही जण निघाला नाही. पुढे गुगलने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत पत्त्याच्या पट्टीतल्या कुलपाचा नेमका अर्थ फक्त ११ टक्के लोकांना सांगता आला. बाकीच्यांपैकी अनेकांना कुलूप म्हणजे दुकान भरवशाचं असं वाटत होतं. त्यामुळे सप्टेंबर २०२३ मध्ये क्रोमने कुलूपच काढलं आणि तिथे सेटिंगची साधी खूण आणली. कुलपाचीच ही गत, तर ‘हे सर्टिफिकेट कुणी दिलं’ हे वाचायला खुणेवर टिचकी, मग जोडणीच्या तपशिलावर टिचकी, मग सर्टिफिकेटच्या खिडकीत ‘कुणाला दिलं’ आणि ‘कुणी दिलं’ या दोन ओळी, इतकी वाट तुडवणारा खरेदीदार किती सापडणार? आणि तिथपर्यंत पोचलेल्यालाही अनेकदा कंपनीच्या ओळखीच्या नावाऐवजी, तिचं मूळ सर्टिफिकेट आणि दुकानाचं सर्टिफिकेट यांना जोडणाऱ्या मधल्या सर्टिफिकेटचं दोन-तीन अक्षरांचं सांकेतिक नाव वाचायला मिळतं.

यावर पहिला आक्षेप असा येतो की खिडकीतलं नाव कुणी वाचत नसेल, पण पानावर लावलेलं चिन्ह तर दिसतं. हा आक्षेप पोकळ नाही. कोपनहेगनच्या बेमार्ड इन्स्टिट्यूटने २०१३ साली पैसे भरताना कोणतं चिन्ह सर्वांत जास्त दिलासा देतं असं लोकांना विचारलं, तेव्हा मत देणाऱ्यांपैकी एक तृतीयांशाहून जास्त जणांनी नॉर्टनचं नाव घेतलं. दुसरा क्रमांक मॅकॅफीचा होता. चिन्हाचा परिणाम होतो हे यातून मान्य करावंच लागतं. पण मॅकॅफीचं चिन्ह सर्टिफिकेटचं नव्हतंच, ते वेबसाइट तपासणाऱ्या सेवेचं होतं. लोकांच्या मनात दोन्ही नावं होती ती घरच्या संगणकावरच्या अँटीव्हायरसमुळे. म्हणजे चिन्हाने दिलेला दिलासा ओळखीच्या नावाचा होता, त्यामागच्या तपासणीचा नव्हता. तसा दिलासा पेमेंट गेटवेचं नाव, कार्ड कंपनीचं चिन्ह किंवा यूपीआयची खूणही देते, आणि त्यासाठी वेगळं सर्टिफिकेट विकत घ्यावं लागत नाही. शिवाय चिन्ह म्हणजे शेवटी एक चित्र. ठगाला ते उचलून आपल्या पानावर चिकटवायला मिनिटभर पुरतं.

त्याच नॉर्टन चिन्हाचं पुढे काय झालं, हा या संबंध विषयातला सर्वांत बोलका धडा आहे. व्हेरिसाइन ही १९९५ साली निघालेली कंपनी या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव होतं. नॉर्टन अँटीव्हायरस बनवणाऱ्या सिमॅन्टेकने २०१० मध्ये तिचा सर्टिफिकेटचा व्यवसाय सुमारे १२८ कोटी डॉलरना घेतला आणि त्यावर नॉर्टनची मुद्रा उमटवली. २०१५ मध्ये सिमॅन्टेकने चाचणीच्या नावाखाली गुगलच्या डोमेनची सर्टिफिकेटं गुगलला न विचारता काढल्याचं उघड झालं. २०१७ च्या सुरुवातीला आणखी नियमबाह्य सर्टिफिकेटं सापडली. गुगलने किमान ३० हजार सर्टिफिकेटांवर बोट ठेवलं, सिमॅन्टेकने हा आकडा अवाजवी असल्याचं म्हटलं. पण निर्णय ब्राउझरच्या हातात होता. ऑक्टोबर २०१८ मध्ये आलेल्या क्रोम ७० पासून सिमॅन्टेकच्या जुन्या मूळ सर्टिफिकेटांवर आधारलेली सगळी सर्टिफिकेटं अमान्य झाली, आणि त्याच छत्राखालच्या थॉट, जिओट्रस्ट आणि रॅपिडएसएसएल या नावांचीही. तो व्यवसाय त्याआधीच डिजिसर्ट या दुसऱ्या सर्टिफिकेट कंपनीने सुमारे ९५ कोटी डॉलरना उचलला होता. ग्राहकांच्या पसंतीत पहिलं आलेलं नाव पाचएक वर्षांत ब्राउझरच्या यादीतून गेलं. ज्या दुकानांनी वेळेत सर्टिफिकेट बदललं नाही, त्यांच्या दारात ग्राहकाला लाल अक्षरातला इशारा दिसणार होता. जाणकारांचं मत आणि गिऱ्हाइकाचं मत यांत इतकं अंतर असेल, तर गिऱ्हाइकाच्या मतावर निवड करणं धोक्याचं आहे.

विश्वासचिन्हांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. बेन एडलमन या अभ्यासकाने २००६ मध्ये ट्रस्टई या खासगीपणाची हमी देणाऱ्या चिन्हाची छाननी केली. ते चिन्ह लावलेल्या साइट्स चिन्ह नसलेल्यांपेक्षा दुपटीहून जास्त प्रमाणात अविश्वासार्ह निघाल्या. कारण उघड आहे: ज्याला स्वतःच्या नावावर भरवसा मिळत नाही, त्यालाच उसन्या चिन्हाची गरज जास्त असते. २०१४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याच कंपनीवर आरोप ठेवला की हजाराहून अधिक प्रकरणांत तिने दरवर्षीची फेरतपासणी केलीच नव्हती. प्रकरण दोन लाख डॉलर भरून मिटलं. ट्रस्टई सर्टिफिकेट देणारी कंपनी नव्हे हे खरं, पण पैसे घेऊन चिन्ह भाड्याने देण्याच्या धंद्यात तपासणी कशी ढिली पडते, ते या उदाहरणातून कळतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. चिन्ह सोडा, पण ईव्ही सर्टिफिकेट खरी ओळख तपासून दिलं जातं. त्याला तरी काही अर्थ असेलच ना? २००७ मध्ये सर्टिफिकेट कंपन्या आणि ब्राउझर यांच्या संयुक्त मंचाने ईव्हीचे नियम केले, तेव्हा कल्पना चांगली होती. पत्त्याच्या पट्टीत हिरव्या रंगात कंपनीचं नाव दिसणार आणि ग्राहक ते पाहून खात्री करून घेणार. २०१७ मध्ये इयन कॅरल या सुरक्षा संशोधकाने अमेरिकेतल्या केंटकी राज्यात ‘स्ट्राइप इंक’ नावाची कंपनी रीतसर नोंदवली. डेलावेअरमध्ये नोंदलेली प्रसिद्ध पेमेंट कंपनी याच नावाची आहे. नोंदणी आणि सर्टिफिकेट मिळून दोनशे डॉलरच्या आत काम झालं, आणि पट्टीत हिरव्या अक्षरांत स्ट्राइपचं नाव झळकलं. कुणी नियम मोडला नव्हता. वेगवेगळ्या राज्यांत एकाच नावाच्या कंपन्या असू शकतात, इतकंच. त्यानंतर गुगलच्या संशोधकांनी २०१९ मध्ये अभ्यास मांडला की पट्टीतलं नाव काढून टाकलं तरी लोकांच्या वागण्यात फरक पडत नाही. सफारीने २०१८ मध्येच ते काढलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये क्रोमने आणि पुढच्या महिन्यात फायरफॉक्सने ते तपशिलाच्या खिडकीत ढकललं. तेव्हापासून ईव्हीसाठी मोजलेले जादा पैसे ग्राहकाच्या नजरेस पडत नाहीत. ईव्ही निरुपयोगी झालं असं नाही. कुणी बनावट बँकेच्या साइटबद्दल तक्रार केली तर तपास करणाऱ्याला संस्थेची नोंद हाताशी मिळते. काही सरकारी निविदांत आणि मोठ्या कंपन्यांच्या करारांत ओव्ही किंवा ईव्हीची अट असते, तेव्हा ते घ्यावंच लागतं. पण ती गरज कराराची आहे, खरेदीदाराच्या विश्वासाची नव्हे.

फुकट सर्टिफिकेटांविरुद्धचा नेहमीचा मुद्दा असा की ती ठगांनाही मिळतात. मिळतात हे खरंच आहे. फसवणुकीच्या साइट्सची मोजदाद ठेवणाऱ्या अँटी फिशिंग वर्किंग ग्रुपच्या अहवालांनुसार २०२० च्या अखेरीस अशा साइट्सपैकी सुमारे ८४ टक्के साइट्स एचटीटीपीएसवर, म्हणजे सर्टिफिकेटसह, चालत होत्या. पण यातून ‘पैसे देऊन घेतलेलं सर्टिफिकेट म्हणजे प्रामाणिक दुकान’ असा उलटा निष्कर्ष निघत नाही, आणि त्याचा पुरावा ब्रिटिश एअरवेजच्या प्रकरणात आहे. २०१८ च्या उन्हाळ्यात चोरांनी या विमान कंपनीच्या पैसे भरण्याच्या पानात अवघ्या २२ ओळींची स्क्रिप्ट घुसवली. ग्राहकाने ‘पैसे भरा’ हे बटण दाबलं की कार्डाचा तपशील कंपनीकडे जायचाच, शिवाय बीएवेज डॉट कॉम या नावाच्या, चोरांनी मुद्दाम मिळतंजुळतं घेतलेल्या डोमेनकडेही जायचा. त्या डोमेनवर वैध सर्टिफिकेट होतं, आणि रिस्कआयक्यू या सुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी नोंदवलं की चोरांनी फुकटचं न घेता कोमोडो या कंपनीचं विकतचं सर्टिफिकेट घेतलं होतं. लाखो ग्राहकांचा तपशील गेला. २०२० मध्ये ब्रिटनच्या माहिती आयुक्तांनी कंपनीला दोन कोटी पौंडांचा दंड केला. विमान कंपनीचं स्वतःचं सर्टिफिकेट या सगळ्या काळात चोख होतं. दुकानाच्या पानावर कुणाच्या स्क्रिप्ट चालतात, हा प्रश्न सर्टिफिकेटच्या नावापेक्षा किती तरी मोठा आहे.

मग निवड कशावर करायची? पहिली कसोटी म्हणजे देणाऱ्या कंपनीचं वर्तन. मोझिला, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्ट आणि गुगल या चौघांच्या याद्यांवर सगळा डोलारा उभा आहे. त्यांत जागा मिळवायला दरवर्षी स्वतंत्र लेखापरीक्षण लागतं, आणि चूक झाली तर मोझिलाच्या सार्वजनिक नोंदवहीत कारण, व्याप्ती आणि उपाय सगळ्यांना वाचता येईल असे लिहावे लागतात. कोण कधीच चुकत नाही हे पाहू नये, सगळेच चुकतात. चूक झाल्यावर कोण कसं वागतं ते पाहावं. नेदरलँड्सच्या डिजिनोटार कंपनीत २०११ मध्ये घुसखोरांनी पाचशेहून अधिक बनावट सर्टिफिकेटं काढली, त्यांतल्या गुगलच्या सर्टिफिकेटने इराणमधल्या सुमारे तीन लाख वापरकर्त्यांवर पाळत ठेवली गेली. कंपनीने घुसखोरी दडवून ठेवली आणि ती उघड झाल्यावर महिन्याभरात कंपनीचं दिवाळं वाजलं. चीनच्या वोसाइनने २०१६ मध्ये मागच्या तारखा टाकून सर्टिफिकेटं दिली आणि स्टार्टकॉम विकत घेतल्याचं लपवलं; दोन्ही नावं बाद झाली. एन्ट्रस्ट हे बँकांच्या पसंतीचं जुनं नाव, पण वारंवार दिलेली सुधारणेची आश्वासनं न पाळल्यामुळे जून २०२४ मध्ये गुगलने तिच्यावरचा विश्वास काढून घेत असल्याचं जाहीर केलं आणि तिचा हा व्यवसाय पुढे सेक्टिगो या दुसऱ्या सर्टिफिकेट कंपनीकडे गेला. याउलट फुकट सर्टिफिकेटं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा संस्थेला फेब्रुवारी २०२० मध्ये स्वतःच्या तपासणीतली एक चूक सापडली; तिने ती लगेच जाहीर केली आणि सुमारे ३० लाख सर्टिफिकेटं रद्द करण्याची तयारी केली. मुदतीत सगळ्यांची बदली होत नाही हे दिसताच उरलेली तशीच ठेवण्याचा निर्णयही तिने कारणांसह उघडपणे मांडला. तो निर्णय सगळ्यांना पटला नाही, पण हिशेब लोकांसमोर होता.

भारतालाही हा धडा मिळालेला आहे. जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या सर्टिफिकेट विभागातून गुगलच्या काही डोमेनची अनधिकृत सर्टिफिकेटं निघाल्याचं गुगलला आढळलं. भारत सरकारच्या प्रमाणन प्राधिकरण नियंत्रकाच्या मूळ सर्टिफिकेटशी ती जोडलेली असल्याने मायक्रोसॉफ्टच्या यादीवर चालणाऱ्या संगणकांना ती खरी वाटली असती. नियंत्रकाने ती मधली सर्टिफिकेटं रद्द केली, आणि क्रोमने त्या मूळ सर्टिफिकेटला मोजक्या, मुख्यतः सरकारी, भारतीय डोमेनपुरतं बांधून टाकलं. सरकारी शिक्का असला तरी ब्राउझरची कसोटी वेगळी आहे, हे तेव्हा स्पष्ट झालं. इथे एक गल्लत टाळायला हवी. जीएसटी किंवा आयकराच्या पोर्टलवर सही करायला यूएसबी टोकनमध्ये जे डिजिटल सिग्नेचर सर्टिफिकेट लागतं, ते माहिती तंत्रज्ञान कायदा २००० खालच्या परवानाधारकांकडून मिळतं. ते आणि वेबसाइटचं सर्टिफिकेट या वेगळ्या वस्तू आहेत. एकीचा परवाना असला म्हणजे दुसरीत ब्राउझरची मान्यता मिळतेच असं नाही. बंगळुरूच्या ईमुद्रासारख्या भारतीय कंपनीने एमसाइन या नावाने दोन्ही क्षेत्रांत पाय रोवले, ते वेगळी परीक्षा देऊन.

दुसरी कसोटी म्हणजे नूतनीकरण माणसाविना होतं का. ही कसोटी आता इतर सगळ्यांपेक्षा जड झाली आहे. एकेकाळी पाच वर्षं चालणारं सर्टिफिकेट मिळायचं. मार्च २०१८ पासून कमाल मुदत ८२५ दिवस झाली आणि सप्टेंबर २०२० पासून ३९८ दिवस. एप्रिल २०२५ मध्ये अ‍ॅपलने मांडलेला ठराव सर्टिफिकेट कंपन्या आणि ब्राउझर यांच्या त्याच संयुक्त मंचात विरोधी मताविना मंजूर झाला: १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ पासून १०० आणि १५ मार्च २०२९ पासून अवघे ४७ दिवस. म्हणजे वर्षातून किमान आठ वेळा नवं सर्टिफिकेट. हे काम कॅलेंडरवर खूण करून निभणार नाही. ते एक्मे या पद्धतीने होतं: सर्व्हरवरचा छोटा प्रोग्रॅम सर्टिफिकेट मागतो, पलीकडून एक यादृच्छिक मजकूर येतो, प्रोग्रॅम तो साइटवरच्या ठरलेल्या पत्त्यावर फाइल म्हणून ठेवतो, पलीकडची यंत्रणा ती फाइल जगाच्या निरनिराळ्या ठिकाणांहून उघडून पाहते, जुळली की सर्टिफिकेट देते. सगळं काही सेकंदांत उरकतं. ही पद्धत लेट्स एन्क्रिप्टने रूढ केली आणि २०१९ मध्ये ती रीतसर मानक झाली. आज पैसे घेणाऱ्या बहुतेक मोठ्या कंपन्याही ती देतात. जी देत नाही, किंवा त्यासाठी वेगळी मोठी रक्कम मागते, तिच्याकडे जाण्यात हशील नाही.

मुदत संपण्याचा धोका किती खरा आहे हे मोठमोठ्या संस्थांनी अनुभवलं आहे. डिसेंबर २०१८ मध्ये एरिक्सनच्या सॉफ्टवेअरमधल्या सर्टिफिकेटची मुदत संपली आणि ब्रिटनमधल्या ओटू कंपनीच्या कोट्यवधी ग्राहकांचं मोबाइल इंटरनेट दिवसभर बंद पडलं. फेब्रुवारी २०२० मध्ये मायक्रोसॉफ्ट टीम्स याच कारणाने काही तास ठप्प झालं. इक्विफॅक्स या अमेरिकी पतमाहिती कंपनीत जाळ्यावर नजर ठेवणाऱ्या उपकरणाचं सर्टिफिकेट १९ महिने मुदतबाह्य होतं, त्यामुळे २०१७ ची डेटाचोरी चालू असताना कुणाला कळलीच नाही. सर्टिफिकेट बदललं आणि लगेच संशयास्पद हालचाल दिसली. मुदतीइतकाच प्रश्न अचानक होणाऱ्या रद्दीकरणाचा आहे. जुलै २०२४ मध्ये डिजिसर्टला आढळलं की एका तपासणीत अक्षरखुणेची छोटी चूक राहिल्याने सुमारे ८३ हजार सर्टिफिकेटं नियमात बसत नाहीत. नियम २४ तासांत रद्द करण्याचा. हाताने सर्टिफिकेट बदलणाऱ्या ग्राहकांची त्रेधा उडाली, एकाने तर न्यायालयातून मनाई हुकूम आणला. दिवाळीच्या विक्रीच्या आठवड्यात असं झालं, तर ज्याचं नूतनीकरण आपोआप होतं त्याचंच दुकान चालू राहील, कंपनी कोणतीही असो.

तिसरी कसोटी, सर्टिफिकेटची खासगी किल्ली, म्हणजे ते सर्टिफिकेट आपलंच असल्याचं सर्व्हरला सिद्ध करू देणारा गुप्त संकेत, कुणाच्या हातात आहे. फेब्रुवारी २०१८ च्या अखेरीस ट्रस्टिको या विक्रेत्या कंपनीने आपल्या ग्राहकांच्या सुमारे २३ हजार खासगी किल्ल्या ईमेलने डिजिसर्टला पाठवून दिल्या. त्या तिच्याकडे असायलाच नको होत्या. ग्राहकांनी विक्रेत्याच्या साइटवर किल्ली तयार करून घेतली होती आणि विक्रेत्याने प्रत ठेवली होती. सगळी सर्टिफिकेटं रद्द झाली. तेव्हा किल्ली आपल्याच सर्व्हरवर तयार व्हावी, मधल्या विक्रेत्याला ती कधीच दिसू नये. याच्या जोडीला दोन साध्या गोष्टी फुकटात होतात. डोमेनच्या नोंदीत सीएए लिहून ठेवलं की कोणत्या कंपन्यांना आपल्यासाठी सर्टिफिकेट देता येईल हे ठरवता येतं. सप्टेंबर २०१७ पासून ही नोंद तपासणं सगळ्या कंपन्यांना बंधनकारक आहे. आणि एप्रिल २०१८ पासून क्रोम प्रत्येक नवं सर्टिफिकेट सार्वजनिक नोंदीत असावं असा आग्रह धरतं, त्यामुळे आपल्या डोमेनवर दुसऱ्याच कुणी सर्टिफिकेट काढलं तर ते कळू शकतं. कार्डांच्या व्यवहारांसाठीचं पीसीआय डीएसएस हे मानकही महागडं सर्टिफिकेट मागत नाही; मार्च २०२५ नंतर ते सर्टिफिकेटांची अद्ययावत यादी आणि पैसे भरण्याच्या पानावरच्या स्क्रिप्टांवर देखरेख मागतं.

फुकटच्या बाजूने एवढं बोलल्यावर तिच्या उणिवाही मांडायला हव्यात. फुकट देणारी संस्था रात्री दोनला फोन उचलत नाही. लेट्स एन्क्रिप्टने जून २०२५ पासून मुदत संपण्याच्या सूचनेचे ईमेलही बंद केले. सप्टेंबर २०२१ मध्ये तिच्या आधाराला असलेल्या एका जुन्या मूळ सर्टिफिकेटची मुदत संपली, तेव्हा काही जुन्या यंत्रणा अडल्या. जुन्या अँड्रॉइडसाठी तिला आधीच वेगळी तजवीज करावी लागली होती. आणि निम्मं जग एकाच अमेरिकी ना-नफा संस्थेवर विसंबून राहणं हेही शहाणपणाचं नाही. यांतली शेवटची अडचण सोपी आहे: एक्मे मानक असल्यामुळे त्याच प्रोग्रॅममध्ये दुसऱ्या देणाऱ्याचं खातं उघडून ठेवता येतं, उदाहरणार्थ गुगल ट्रस्ट सर्व्हिसेसचं. मदतीची गरज मात्र खरी आहे. ज्या दुकानात दहा सर्व्हर, पंचवीस उपडोमेन आणि तांत्रिक माणूस अर्धवेळ असं चित्र असेल, तिथे चांगली मदत आणि एकत्रित व्यवस्थापन देणाऱ्या कंपनीला पैसे देणं योग्यच. पण ते पैसे कामासाठी द्यावेत, नावासाठी नव्हे. लाखो डॉलरच्या ‘वॉरंटी’साठी तर मुळीच नाही, ती बहुधा देणाऱ्याने चुकीच्या माणसाला सर्टिफिकेट दिलं आणि त्यातून ग्राहकाचं नुकसान झालं तरच लागू होते, दुकान हॅक झालं म्हणून नाही.

राहतो मूळ प्रश्न: मग ग्राहकाचा विश्वास मिळवायचा कुठून? तो डोमेनच्या नावातून, ओळखीच्या पैसे भरण्याच्या पद्धतीतून आणि तक्रार केली तर ऐकणारा माणूस आहे या खात्रीतून मिळतो. रिझर्व्ह बँकेने बँकांसाठी ‘डॉट बँक डॉट इन’ हे राखीव डोमेन आणलं आणि ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत तिथे यायला सांगितलं, त्यामागचा विचार हाच आहे: ओळख सर्टिफिकेटच्या खिडकीत पुरून ठेवण्यापेक्षा पत्त्यातच दिसावी. छोट्या दुकानाला राखीव डोमेन मिळत नाही, पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० ने त्याचं काम सोपं केलं आहे. व्यवसायाचं कायदेशीर नाव, पत्ता, संपर्क आणि तक्रार अधिकाऱ्याचं नाव पानावर हवं. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. हापूसची पेटी नासकी निघाली तर काय, हे नीट मराठीत लिहिलेलं पान कोणत्याही हिरव्या पट्टीपेक्षा जास्त भरवसा देतं, कारण ते ग्राहकाला वाचता येतं आणि दुकानदाराला पाळावं लागतं.

तेव्हा बहुतेक दुकानांसाठी उत्तर असं निघतं. चारही याद्यांत निर्विवाद जागा असलेल्या आणि चुका उघडपणे मांडणाऱ्या संस्थेचं डीव्ही सर्टिफिकेट घ्यावं, नूतनीकरण यंत्रावर सोपवावं, दुसरी संस्था राखीव ठेवावी, किल्ली आपल्याकडे ठेवावी आणि कुणीतरी महिन्यातून एकदा सगळं चालू आहे ना हे पाहावं. ओव्ही-ईव्ही करारात मागितलं तर घ्यावं, एरवी नाही. महागडं नाव टाळून वाचलेली रक्कम पैसे भरण्याच्या पानाची तपासणी करून घेण्यावर आणि फोनवर बोलणाऱ्या माणसावर खर्च करावी. ग्राहकाच्या मनातलं नाव कोणतं हे शोधत बसलेला दुकानदार २०१३ मध्ये नॉर्टनपाशी पोचला असता, आणि वेळेत सर्टिफिकेट बदललं नसतं तर पाच वर्षांनी त्याच्याच ग्राहकाला ब्राउझरने दारातून परत पाठवलं असतं.